जुन्या बाटल्या व आळिंबी यांजमधील तळघराच्या तंट्याची हकीकत

श्री अन्नपूर्णा प्रसन्न. अंधारास नमन, अंधारात जे पडून राहते त्यास नमन, आणि पडून राहिलेले चांगले होते की वाईट होते हे ज्यास आधीपासून ठाऊक असते त्या परमेश्वरास विशेष नमन. शके १९४६ क्रोधीनाम संवत्सरी, माघमासी, एका राज्यात तळघरावरून जो तंटा उद्भवला आणि ज्या रीतीने मिटला, त्याची हकीकत जैशी कानी आली तैशी लिहितो. राज्याचे नाव लिहीत नाही, लिहिणाराचेही पुसो नये. ज्यांनी सांगितले ते समक्ष हजर होते, परंतु हजर असणारांपैकी निम्म्यांची जीभ त्या दिवशी ठिकाणावर नव्हती, सबब उणे असेल ते श्रोत्यांनी पुरते करून घ्यावे.

राज्य म्हणावे तर टेकडीच्या पायथ्याशी दुमजली बंगला, पुढे अंगण, पूर्वेस परेरा यांचे राज्य, पश्चिमेस रिकामा प्लॉट, त्यावर कोणाचाच अंमल नाही आणि एक म्हैस बांधलेली असते. राज्याचे धनी श्रीमंत त्र्यंबकराव महाराज. पूर्वी मोठ्या सरकारात कालवे आणि धरणे यांचे कामावर बडे हुद्देदार होते, आणि पाणी कोठे मुरते हे शोधण्यात हयात गेली, मग मुदत भरली आणि घरचे राज्य पाहू लागले. स्वभाव सरळ, बोलणे थोडे, चेहऱ्यावर सदा विचार. राणीसाहेब कुमुदिनीबाई, दक्षिणेकडील तिखट मुलखाची लेक, कामास वाघीण, आणि एक गोष्ट डोक्यात शिरली की तडीस नेल्यावाचून पाणी पिणार नाहीत ऐशी ख्याती. पुत्र एक, तो परमुलखी चाकरीस, सबब राज्यात माणसे दोनच आणि खोल्या बहुत. तरीही तंटा झाला तो खोल्यांवरून नव्हे, बंगल्याखालच्या तळघरावरून. ते पूर्वीच्या धन्याने बटाट्याचे बेणे ठेवण्यास खडकात खणविले होते. वैशाखात वर रस्त्याचे डांबर चपलेस चिकटू लागले तरी खाली अंगावर शाल घ्यावी ऐसा गारवा, उजेड म्हणावा तर एक झरोका, तोही राजियांनी फळी ठोकून बंद केलेला.

फळी का ठोकली, त्याचे कारण ऐसे की आठ वर्षांमागे, दुर्मुखनाम संवत्सरी, राजे भाच्याचे मुंजीनिमित्त शेजारचे प्रांती गेले होते, आणि मुंजीत गर्दी फार, भटजीही उशिरा आले, म्हणोन राजे पाय मोकळे करावयास निघाले ते एका लहानशा भट्टीपाशी जाऊन पोहोचले. तेथे एक दाढीवाला तरुण वर्षातून एकदाच, थंडीत, जवाची काळी दाट बीयर करीत असे. त्याणे राजियांस घोटभर चाखावयास दिली. राजियांस आजवर बीयर म्हणजे पिवळे थंड पाणी इतकेच ठाऊक. येथे तर भाजलेल्या धान्याचा वास, संत्र्याच्या सालीचा कडूपणा आणि मागाहून गुळाची गोडी. राजे थक्क जाहाले. मग तो तरुण बोलिला, "काका, आत्ता छान आहेच, पण अंधारात ठेवली ना, तर मुरेल. वर्षानुवर्षं मुरते ही." मुरेल, हा शब्द राजियांचे काळजात जाऊन बसला. ज्या पुरुषाने जन्मभर मुरणारे पाणी अडविले, त्यास काही मुरते आणि त्याणे चांगले होते ही खबर नवीन होती. त्या साली हिंमत एका बाटलीची, तेवढी घेऊन मुंजीस परत आले. पुढे दर थंडीत एक खोका येऊ लागला. त्यातील एक बाटली राजियांनी ताजी चाखावी, आणि बाकीच्या तळघरात उभ्या लावाव्या. आडव्या नाहीत, कारण गाळ बुडाशी बसला पाहिजे. उजेड नाही, कारण उजेडाने नासते. गणपतीत चौकातले ढोल वाजू लागले म्हणजे बाटल्यांस हादरा बसू नये म्हणोन राजियांनी खाली काथ्याच्या चटया अंथरिल्या. ऐसे करिता करिता एक भिंत भरली आणि दुसरी धरिली.

आणि यात नवल ते पुढेच. आठ वर्षांत जुनी बाटली एकही उघडली नाही. पाहुणे म्हणाले, काढा की राव एक, राजे म्हणाले, अजून नाही. पुत्र परमुलखाहून आला, तोही म्हणाला, राजे म्हणाले, पुढच्या खेपेस. दररोज सायंकाळी दिवा घेऊन खाली उतरावे, एखादी बाटली न हलविता न्याहाळावी, गाळ किती बसला ते पाहावे, आणि आत काय चालले असेल याचा विचार करीत स्टुलावर बसावे. आत कडू गोड होत असेल काय? गोडाचे आणखी काही होत असेल काय? बाटलीत बंद केलेले जिन्नस एकमेकांशी काय बोलत असतील? हे कुतूहल राजियांस इतके प्रिय जाहाले की उत्तराची घाईच उरली नाही. राणीसाहेब वरून हाक मारीत, "अहो, चहा निवला," आणि राजे म्हणत, "आलो," आणि येत नसत.

इकडे राणीसाहेबांनी गेल्या पावसाळ्यात कृषी विद्यालयी जाऊन धिंगरी आळिंबी, ज्यास हल्ली मश्रूम म्हणतात, ती लावण्याची विद्या संपादिली, आणि परत आल्या त्या बियाण्याच्या पिशव्या आणि पेंढ्याच्या गोणीसह. पेंढा उकळून, निथळून, थरावर थर देऊन प्लास्टिकच्या पिशव्या भराव्या, अंधाऱ्या ओलसर जागी टांगाव्या, दोन वेळा पाण्याचा फवारा मारावा, आणि भोके पाडून किंचित उजेड दाखविला म्हणजे तीन आठवड्यांत पांढरे कान बाहेर येतात. राणीसाहेबांनी पहिली खेप न्हाणीघरात टांगिली. राजे स्नानास गेले म्हणजे डोक्यावर पेंढ्याच्या पिशव्या डोलत आणि शॉवर लावावा तर हुकूम होता की पिशव्यांवर गरम पाणी उडता कामा नये. मग राजियांनी थंडीच्या दिवसांत बादलीतील थंड पाण्याने अंघोळ करावी. पीक आले ते पहिल्या प्रतीचे. आळीत वाटले, आळी मागू लागली. तेव्हा राणीसाहेबांनी नजर उचलिली ती थेट तळघरावर.

राजे दचकले. मग उभयतांत स्वयंपाकघरी वाटाघाट जाहाली ती ऐसी. राणीसाहेब बोलिल्या, "तुमच्या बाटल्यांना उजेड चालत नाही, आवाज चालत नाही, ओल चालत नाही, हलवलेलं चालत नाही. त्यांना चालतं तरी काय?" राजे बोलिले, "वेळ." राणीसाहेब बोलिल्या, "तेवढ्याच जागेत माझी आळिंबी तीन आठवड्यांत ताटात येते. तुमचं आठ वर्षांत काय ताटात आलं?" राजे बोलिले, "जुनं ते सोनं." राणीसाहेब बोलिल्या, "सोनं सराफ कस लावून घेतो हो. तुम्ही लावलाय का कधी?" फवाऱ्याच्या ओलीने बाटल्यांची पत्र्याची बुचे गंजतील, झरोका उघडला तर उजेड येईल, म्हणोन दोन्ही संसार एके ठिकाणी नांदणे नाही. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत हे दोघांसही मान्य. आणि राजियांस आणखी एक भय मनात होते, ते त्यांनी कोणापाशी बोलून दाखविले नाही. तळघर गेले तर बाटल्या जिन्याखालच्या कपाटात जाणार, तेथे चैत्र लागला की भट्टी, आणि आठ वर्षांची मेहनत एका उन्हाळ्यात मातीस मिळणार.

मग वाटाघाटीस राणीसाहेबांचे धाकटे बंधू दिगंबरपंत यांस दक्षिणेहून पाचारण केले. हे अंगाने भरदार, मनाने मोकळे, अक्काचा शब्द खाली पडू न देणारे, परंतु बीयरवर दाजींइतकीच भक्ती, सबब उभय पक्षांस विश्वासाचे. आले ते हातात एक मोठा डबा घेऊन. सर्व ऐकून घेतले आणि बोलिले, "दाजी, ह्यात भांडायचं काय? फोडा की बाटली. जुनी एक, नवी एक. जुनी चांगली लागली तर तळघर तुमचं, नवी चांगली लागली तर अक्काचं. हाय काय अन् नाय काय." आठ वर्षे जी गोष्ट टाळिली ती मेहुण्याने भाकरीचा तुकडा मोडावा तैशी पुढ्यात मोडून ठेविली. परंतु न म्हणावे तर जुने ते सोने हे वचन खोटे पडते, आणि मनाच्या एका कोपऱ्यात कुतूहल म्हणत होते की बघू तर खरे. राजे हो म्हणाले. तह तोंडी जाहाला: दुर्मुख सालची एकमेव जुनी, आणि यंदाची ताजी, जुनी सरस ठरल्यास आळिंबीने पुन्हा तळघराचे नाव काढू नये, ताजी सरस ठरल्यास राजियांनी तळघर रिकामे करून द्यावे, वादी व प्रतिवादी यांनी निवाडा करू नये, पंच दोन, एक दिगंबरपंत, आणि दुसरे पूर्वेकडील इनासराव परेरा, मूळचे समुद्रकाठचे, आगबोटीवरील निवृत्त मिस्त्री, ज्यांनी सात समुद्रांची बंदरे आणि बंदराबंदरांची बीयर पाहिली होती.

रविवारी दुसरे प्रहरी दरबार भरला. राजियांनी सकाळपासून तोंडात काही घातले नव्हते, दात घासिले तेही पेस्टवाचून, हेतू की पंच नसलो तरी बाटली उघडताना निदान वास तरी कोऱ्या नाकाने घ्यावा. दिगंबरपंतांनी बर्फ विचारिला, तेव्हा राजियांस घेरी यावयाची राहिली. "बर्फ? अहो, आठ वर्षं झोपलेल्याला उठवायचं आणि तोंडावर बर्फ मारायचा?" ऐसे बोलून दोन्ही बाटल्या तळघराच्या गारव्यानेच वर आणिल्या. आणि जुनी बाटली काढिताना राजियांचे हात इतके जपून चालत होते की जिना चढावयास पाव घटका लागली. मग बूच काढावयाची चावी लाविली. बूच कडेने गंजले होते. म्हातारा माणूस खुर्चीतून उठताना करितो तेवढाच आवाज जाहाला आणि बाटली उघडली. राजियांनी नाक नेले, तोच राणीसाहेबांनी बाटली हातातून काढून घेतली आणि बोलिल्या, "तुम्ही प्रतिवादी. सज्ज्यात जाऊन बसा." दोन्ही बाटल्या त्या स्वयंपाकघरी घेऊन गेल्या, दार लोटले, आणि स्टीलच्या पेल्यांत ओतिल्या, कारण काचेत रंग दिसला असता आणि जुनी अधिक गढूळ हे पंचांनी ओळखिले असते. दोहोंपैकी एका पेल्यास कुशीत पोचा होता, दुसरा धड. कोणत्यात कोणती हे राणीसाहेबांवाचून कोणास ठाऊक नव्हते.

आता जो अनर्थ जाहाला तो या ओतण्याच्या अवकाशात. दिगंबरपंतांच्या मुलखाची रीत ऐशी की पेला पुढे यावयाचा तर आधी चखणा पुढे आला पाहिजे, नाही तर यजमानाची शोभा जाते. त्यांनी बरोबर आणिलेला डबा उघडिला. आत हिरव्या मिरचीचा ठेचा, लसूण आणि मीठ घालून तव्यावर परतलेला, वर तेलाचा तवंग. सोबत भाकरी आणि तिखटात घोळविलेले शेंगदाणे. इनासराव सुरमईच्या कालवणावर वाढलेले, ठेच्याची ओळख नाही, आणि कोणाची भीड मोडणे त्यांस ठाऊक नाही. पंतांनी आग्रह केला आणि त्यांनी भाकरीवर ठेचा लोण्यासारखा लाविला. पंतांनीही पंक्तीची लाज राखावयास तेवढाच घेतला, आणि वर थोडा. राजे सज्ज्यात पाठ करून बसले होते, मन सगळे बंद दारापलीकडे, त्यांस काही दिसले नाही. मग राणीसाहेब पेले घेऊन आल्या, राजेही सज्ज्यातून आत आले, आणि पंचांनी पेले उचलिले. धड पेल्यातून एक घोट, पोच्याच्या पेल्यातून एक घोट. दोघांच्याही डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. राजियांस वाटले, बीयरचा प्रताप.

राजियांनी विचारिले, "काय लागतंय?" दिगंबरपंत बोलिले, "दाजी, लई जोरदार हाय." राजे बोलिले, "कुठली?" पंत बोलिले, "दोन्ही." मग राजे इनासरावांकडे वळले. इनासरावांनी तोंड उघडिले, वारा घेतला, पुन्हा मिटले, आणि मग अडखळत बोलिले, "त्र्यंबकराव, मला तोंडात जीभ आहे असं वाटतच नाहीये. तुम्ही जरा बघून सांगता का, आहे का?" तेव्हा राजियांची नजर डब्याकडे गेली आणि सर्व उलगडा जाहाला. मग दही आणविले, दह्याने उतरले नाही. गूळ दिला, साखर दिली, केळे दिले. पंतांनी साखर खाऊन पुन्हा दोन घोट घेतले आणि प्रांजळपणे सांगितले की आता दोन्ही गोड लागत्यात. उद्यावर टाकावे तर बूच उघडलेली बीयर रात्रीत शिळी पडते, आणि दुर्मुख सालची दुसरी बाटली राज्यात नाही. आठ वर्षे जपलेली वस्तू दोन पंचांच्या बधिर जिभेवरून वाहून चालली होती आणि राजियांस मेहुण्याचा राग येण्याइतकेही त्राण उरले नव्हते.

तेव्हा राणीसाहेब बोलिल्या, "अहो, पेले मीच भरलेत, माझं चालायचं नाही. ह्या घरात शाबूत जीभ तुमचीच उरली आहे. तुम्ही सांगा." पंत ओरडले, "अक्का, चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या द्यायला लागलीस की! दाजी जुनीच चांगली म्हणणार. आणि ते वासावरनंच वळखतील जुनी कुठली ती." राणीसाहेब बोलिल्या, "ओळखू देत. लग्न होऊन पाच दिवस झाले होते, दिगू. माझ्या हातची पहिली आमटी. सासरचं सगळं गोत पंक्तीला, आणि हे सगळ्यांसमोर म्हणाले, मीठ विसरलं. चवीच्या बाबतीत ह्यांना खोटं बोलता आलं असतं तर मी त्या दिवशी रडले नसते." ऐसे म्हणून त्यांनी पेल्यांत राहिलेली बीयर राजियांपुढे ठेविली.

राजियांनी आधी पोच्याचा पेला उचलिला. वास घेतला. भाजलेले धान्य, संत्र्याची साल, जिभेवर बारीक चुरचुर, आणि मागाहून ती कडू ओळखीची लकेर. ही यंदाची. मग धड पेला घेतला. वास आला तो खजुराचा, मनुकांचा, जुन्या लाकडी कपाटाचा. राजियांचे मन हरिखले. मनाशी म्हणाले, पाहा, मुरली. मग घोट घेतला आणि थांबले. पुढे खजूर होते, परंतु मागे काही नव्हते. कडूपणा निघून गेला होता, फेस मेला होता, आणि शेवटास भिजलेल्या पुठ्ठ्याची चव जिभेच्या मुळाशी राहिली. राजियांनी दुसरा घोट घेतला, कदाचित पहिला चुकला असेल म्हणोन. तिसरा घेतला. चुकला नव्हता. आता राजियांपुढे दोन वाटा होत्या आणि दोन्ही त्यांस स्वच्छ दिसल्या. धड पेला चांगला, एवढे तीन शब्द बोलावे आणि तळघर, बाटल्या, सायंकाळचा दिवा, स्टूल, सर्व जागच्या जागी राहते. पृथ्वीच्या पाठीवर कोणाची जीभ त्यांस खोटे पाडण्यास समर्थ नव्हती. पंच एक डोळे पुसत होता, दुसरा केळे खात होता. राजियांस मोह जाहाला, हे लिहिताना संकोच वाटतो, परंतु जाहाला. तोंड उघडिले देखील. मग राणीसाहेबांकडे पाहिले, त्या निवाड्याकडे कान लावून उभ्या होत्या, आणि चेहऱ्यावर जय मिळावा ऐशी इच्छा तर होतीच, परंतु तिजहून अधिक होते कुतूहल, आठ वर्षे राजे ज्या कुतूहलाने खाली बसत तेच.

राजे बोलिले, "पोच्याचा चांगला. ती यंदाची आहे." मग राजे धड पेल्याकडे पाहत हळू बोलिले, "ही उतरली. चढली असणार आधी, वासावरून कळतं. तीन वर्षांनी चढली असेल, चार वर्षांनी असेल. तेव्हा काय असेल ती! पण तेव्हा मी बाहेरून बघत बसलो होतो. कधी चांगली होती ते मला कळलंच नाही, कुमुद." मग राजे उठले, खुंटीवरली तळघराची किल्ली काढिली आणि राणीसाहेबांच्या हाती दिली, आणि बोलिले, "उद्या सकाळी रिकामं करून देतो. दिगंबर आहे तोवर त्याच्या हातानं खोके हलतील." दिगंबरपंत रडत होते, ठेच्याने की दुःखाने हे त्यांसही सांगता आले नाही.

राणीसाहेबांनी किल्ली पदरास बांधिली, आणि मग जे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते ते केले. धड पेला उचलिला आणि उरलेली जुनी बीयर चाखिली. एक घोट, मग थांबून दुसरा. सर्वांचे डोळे त्यांजवर. राणीसाहेब बोलिल्या, "मला आवडली." राजे बोलिले, "अगं, नाही, ही बिघडलीय, शेवटाला पुठ्ठा लागतोय बघ." राणीसाहेब बोलिल्या, "लागतोय की. पण तुमची ती ताजी मला काढ्यासारखी कडू लागते, आजवर कधी घशाखाली गेली नाही. ही भेळेच्या चटणीसारखी आहे. चिंच, खजूर, सगळं." राजे बोलिले, "भेळेची चटणी!" आणि उभे राहून त्यांनी जुनीच्या दोषांचे वर्णन आरंभिले, कडूपणा कोठे गेला, फेस कसा मेला, हवा बुचातून कशी शिरली, आणि राणीसाहेब एकेक घोट घेत प्रत्येक दोषावर म्हणत होत्या, असू दे. इनासरावांची जीभ तोवर थोडी ठिकाणावर आली होती. ते पंतांच्या कानाशी बोलिले, "हे काय चाललंय? जिंकली ती जुनीच्या बाजूनं भांडतेय आणि हरला तो नवीच्या?" पंत बोलिले, "आमच्या अक्काच्या घरात असंच असतंय."

शेवटी राणीसाहेबांनी रिकामा पेला खाली ठेविला आणि फर्मान काढिले. "तळघर रिकामं नको. आहे तसं भरलेलं पाहिजे." राजे गोंधळले. बोलिले, "म्हणजे? बाटल्या तर माझ्या." तेव्हा दिगंबरपंतांनी डोळे पुसले, वकिलीचा आव आणिला, आणि बोलिले, "दाजी, किल्ला पडला म्हंजे आतला दारूगोळा किल्ला घेणाराचा. जुना रिवाज हाय." मग राणीसाहेब बोलिल्या, "आळिंबी तळघराच्या छताला टांगते, बाटल्या खाली राहू देत. ओलीनं बुचं गंजली तर गंजू देत, कारण त्या आता फार दिवस राहणार नाहीत. दर रविवारी एक उघडायची. मी वरून चहाच्या हाका नाही मारणार आता, दोघांनी बसून प्यायची." राजियांनी घाबऱ्या आवाजात विचारिले, "कोणती आधी? क्रम लावावा लागेल, साल पाहून..." राणीसाहेब बोलिल्या, "हाताला येईल ती." राजियांनी डोळे मिटले. मग उघडिले, आणि हळूच विचारिले, "पाच वर्षांची एक आहे, मागच्या रांगेत. ती पहिली घेऊ या का? मला बघायचंय ती चढलेली आहे का." राणीसाहेब म्हणाल्या, मलाही बघायचंय.

येणेप्रमाणे तळघराची लढाई जाहाली. राजियांनी खरे बोलून तळघर घालविले, बाटल्या घालविल्या, आणि झरोक्याची फळी स्वहस्ते काढिली. राणीसाहेबांचे पीक दुप्पट जाहाले. दिगंबरपंत डबा घेऊन स्वदेशी गेले, इनासराव चार दिवस दहीभातावर राहिले. पाच वर्षांची बाटली उघडली, ती कशी निघाली याविषयी राजे व राणी यांचे एकमत जाहाले नाही आणि रविवारचे जेवण तिसऱ्या प्रहरापर्यंत लांबले. आठ वर्षे राजे आपल्याच तळघरात वाटेल तेव्हा उतरत आणि एकटे बसत. आता किल्ली पदरास, म्हणोन दार ठोठावावे लागते. राजे ठोठावितात, आणि आतून आवाज येतो, "या, पण चपला बाहेर काढून."